रस्त्याकडेचे फलक आणि वाटसरूची नजर

शेत ज्याचें त्याचें असतें, विहीर ज्याची त्याची असते, बांधावरच्या झाडालाहि धनी असतो. परंतु त्या शेतावरून, विहिरीवरून आणि झाडावरून सरकत डोंगराच्या कडेपर्यंत जाणाऱ्या वाटसरूच्या नजरेचा धनी कोण, हा प्रश्न जुन्या काळीं कोणाला फारसा पडला नसावा. नजर ही विकण्याची किंवा भाड्यानें देण्याची वस्तु आहे, ही कल्पनाच तेव्हां नव्हती. आज ती कल्पना आहे. इतकेंच नव्हे, तर तिचा बाजारभावहि ठरलेला आहे. कोणत्या वळणावर गाड्या मंद होतात, कोणत्या चढावर प्रवाशाला समोर पाहणें भाग पडतें, कोणत्या फाट्यावर चहासाठीं माणसें उतरतात, याचा हिशेब करून त्या त्या जागेचें भाडें आकारलें जातें. जागा शेतकऱ्याची, लोखंड कंत्राटदाराचें, माल कारखानदाराचा. आणि ज्याच्या नजरेच्या जोरावर हा सारा व्यवहार चालतो, तो वाटसरू मात्र या व्यवहारांत कोठेंच पक्षकार नाहीं.

आमच्याकडील कोणत्याहि हमरस्त्यानें शहराबाहेर पडावें, म्हणजे सिमेंट, बियाणें, दागिने, खासगी महाविद्यालयें आणि बिनशेती प्लॉट यांची रांग सुरू होते. आणि गांवाच्या फाट्यावर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स तिच्यांत भर घालतात. अशा फलकांच्या जागा सरकारनें ठरवाव्या काय, आणि ठरवाव्या तर कोणत्या नैतिक अधिकारानें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट बाजूला काढून ठेवणें इष्ट आहे. १७ एप्रिल २०२३ रोजीं पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथें वाऱ्यापावसांत लोखंडी फलक कोसळून पांच माणसें मेलीं. १३ मे २०२४ रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें पेट्रोलपंपावर एक फलक कोसळून सतरा जणांचे प्राण गेले. महानगरपालिकेची मर्यादा ४० फूट लांबी-रुंदीची असतां तो १२० फूट लांब आणि तितकाच रुंद होता. असे फलक उभे राहूं नयेत, याविषयीं दोन मतें संभवत नाहींत, आणि म्हणून तेथें विचाराला फारसें काम नाहीं. काम आहे तें अंमलबजावणीला. खरा प्रश्न उरतो तो भक्कम, परवानाप्राप्त, कोणाच्याहि अंगावर न कोसळणाऱ्या फलकाचा. तो माळरानावर उभा राहून कोणाचें काय बिघडवतो?

रस्त्याच्या कडेला लिहिणें हेंच मुळीं पाप आहे, असेंहि कोणी समजूं नये. जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनकालीन लेणें आहे. त्याच्या भिंतींवरील ब्राह्मी लेखांत राजकुलानें केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची जंत्रीच कोरलेली आहे. ज्या वाटेनें व्यापाऱ्यांचे तांडे समुद्राकडे जात-येत, त्याच वाटेवर हें ऐश्वर्य कोरलें गेलें, हा योगायोग नव्हे. पुढें शिलाहार-यादवांच्या काळांत गांवच्या शिवेवर गद्धेगाळी उभ्या राहिल्या आणि दान मोडणाऱ्याला उघड शाप देऊं लागल्या. वीरगळांनीं मेलेल्या योद्ध्यांची कीर्ति सांगितली. आजहि पाणपोईच्या रांजणावर दात्याचें नांव असतेंच. मग आजच्या फलकानेंच काय घोडें मारलें, असें कोणी विचारील, आणि तो प्रश्न गैर नाहीं.

याचें उत्तर कालाच्या पवित्रतेंत शोधूं नये. जुनें तें पूज्य आणि नवें तें ओंगळ, ही विचारसरणी आळशी मनाची आहे. फरक दोन ठिकाणीं आहे. नाणेघाटांतील लेख वाटसरूला सावली देणाऱ्या लेण्याच्या भिंतीवर आहे आणि पाणपोईवरचें नांव पाण्याच्या घोटाबरोबर वाचलें जातें. म्हणजे लक्ष मागण्यापूर्वीं मागणाऱ्यानें कांहीं तरी दिलेलें आहे. दुसरी गोष्ट संख्येची. घाटांत एक लेख असतो तेव्हां ती खूण होते. दर शंभर पावलांवर एक असता, तर वाटसरूनें एकहि वाचला नसता आणि घाट मात्र दिसेनासा झाला असता. जें एकट्यानें केलें असतां निरुपद्रवी, तें सर्वांनीं केलें असतां असह्य, अशीं कांहीं कृत्यें असतात. त्यांच्या बाबतींत प्रत्येकाला आपला स्वतःचा अपराध दिसत नाहीं, म्हणूनच नियमाची गरज पडते.

ही गरज प्रथम ज्या देशांत कारखानदारी वाढली तेथें भासली. इंग्लंडमध्यें सार्वजनिक जाहिरातींच्या अतिरेकाला आळा घालण्यासाठीं १८९३ सालीं एक मंडळ स्थापन झालें. त्याच्या खटपटीनंतर १९०७ च्या कायद्यानें स्थानिक संस्थांस बारा फुटांहून उंच फलकांवर, तसेंच निसर्गशोभेला बाध आणणाऱ्या जाहिरातींवर, नियम करण्याचा अधिकार मिळाला. १९२५ सालीं त्याची व्याप्ति खेड्यांच्या आणि हमरस्त्यांवरून दिसणाऱ्या ग्रामीण देखाव्यापर्यंत वाढली, आणि १९४७ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानें हा विषय सर्वस्वीं नियोजनाच्या कक्षेंत आला. अमेरिकेनें १९५८ सालीं आधीं लालूच दाखवून पाहिली: जें राज्य नव्या राष्ट्रीय रस्त्यांवरील फलकांस आळा घालील त्यास रस्तेनिधींत अर्ध्या टक्क्याची भर. ती पुरेशी ठरली नाहीं, म्हणून २२ ऑक्टोबर १९६५ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं महामार्ग-सौंदर्यीकरणाच्या कायद्यावर सही केली. त्यान्वयें रस्त्याच्या हद्दीपासून ६६० फुटांच्या आंत फलकांवर नियंत्रण आलें, आणि न जुमानणाऱ्या राज्याच्या निधींतून दहा टक्के कापण्याची तरतूद झाली. पण व्यापारी आणि औद्योगिक क्षेत्रें वगळलीं गेलीं, आणि लगोलग कित्येक ठिकाणीं ओसाड पट्ट्यालाच व्यापारी क्षेत्र म्हणण्याची युक्ति निघाली. ६६० फुटांपलीकडे त्याहून अवाढव्य फलक उभे राहूं लागले. तेव्हां १९७४ च्या दुरुस्तीनें, ग्रामीण भागांत त्या अंतरापलीकडील पण रस्त्यावरून वाचला जावा या हेतूनेंच उभारलेला फलकहि कायद्याच्या कक्षेंत आणावा लागला. या एका दुरुस्तींत मोठा बोध आहे. कायदा फूटपट्टी घेऊन बसला कीं व्यापारी तिच्या टोकापलीकडे एक पाऊल टाकून उभा राहतो. कायद्यानें हेतु ओळखला तरच त्याला चुकवणें कठीण जातें.

आमच्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसनें १९७२ सालीं रस्त्याकडेच्या जाहिरातींविषयीं धोरण प्रसिद्ध केलें, आणि २००२ च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्यानें महामार्गाच्या जमिनीवर विनापरवाना कांहीं उभारण्यास मनाई केली. परंतु महामार्गाची जमीन संपते आणि शेताचा बांध लागतो, तेथेंच खरा वाद सुरू होतो.

जमीनमालकाचा पक्ष सरळ आहे. माझ्या शेतांत मी ज्वारी पेरीन, पडीक टाकीन किंवा खांब रोवीन. वाटसरूनें पाहूं नये, त्याला कोणी बळजोरी केली आहे? या पक्षाला पहिलें उत्तर १९१५ सालींच फिलिपीन्सच्या सर्वोच्च न्यायालयानें देऊन ठेवलें आहे. फलकाचें यश खासगी जमिनीच्या उपयोगावर जितकें अवलंबून असतें, त्याहून अधिक लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटांच्या उपयोगावर असतें, असा त्या निकालाचा आशय आहे. या विधानाची परीक्षा कोणालाहि घेतां येईल. त्याच शेतांत, त्याच खांबांवर, तोच फलक रस्त्याकडे पाठ आणि पिकाकडे तोंड करून उभा करावा. मालकाच्या हक्कांत तिळमात्र उणेपणा येत नाहीं, पण भाडें मात्र कवडीचेंहि येत नाहीं. म्हणजे भाड्यानें गेली ती जमीन नव्हेच. भाड्यानें गेला तो लोकांच्या पैशानें बांधलेला रस्ता आणि त्यावरून जाणाऱ्यांचे डोळे. जी वस्तु आपली नाहीं तिचें भाडें घेणाऱ्यास नियम सांगणें, हा मालकी हक्कावरचा हल्ला ठरत नाहीं.

दुसरें उत्तर बळजोरीविषयीं. वर्तमानपत्रांतील जाहिरातीचें पान उलटतां येतें. नभोवाणी बंद करतां येते. पण रस्त्यावर डोळे मिटून चालतां येत नाहीं, आणि गाडी हांकणाऱ्यानें तर मिटूंच नयेत, असा कायद्याचा दंडक आहे. ज्याला पाहणें हें कर्तव्य म्हणून लावून दिलें आहे, त्याच्या त्या कर्तव्याचाच व्यापार करणें, यांत बळजोरी नाहीं असें म्हणवत नाहीं. जाहिरातीच्या धंद्यांतच नांव कमावलेले डेव्हिड ओगिल्व्ही यांनीं १९६३ सालच्या आपल्या पुस्तकांत रस्त्याकडेच्या फलकांना कडवा विरोध नोंदविला, याचें म्हणूनच आश्चर्य वाटत नाहीं. गिऱ्हाइकाला मोह घालणें आणि वाटसरूला गांठून धरणें, यांतला भेद त्या धंद्यांतल्या माणसाला कळणें स्वाभाविक होतें.

सौंदर्य हें पाहणाऱ्याच्या रुचीवर असतें, तेव्हां सरकारनें आपली रुचि लादूं नये, असा एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. वरील विवेचनानें त्याचा जोर बराच ओसरतो. फलक कुरूप आहे म्हणून तो नको, असें म्हणण्याची गरजच नाहीं. एखादा फलक चित्रकलेचा उत्तम नमुना असेल आणि त्यामागची टेकडी रुक्ष खडकाळ असेल. तरीहि ती टेकडी सर्वांची आहे आणि फलक एकाचा आहे. २००२ सालीं मनाली-रोहतांग मार्गावरील खडकांवर शीतपेयांच्या जाहिराती रंगविल्याची दखल सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन घेतली आणि संबंधित कंपन्यांस दंड केला. ते खडक सुंदर होते कीं नव्हते, हा वाद तेथें अप्रस्तुत होता. रंग काढावा तर खडकावरचें शेवाळ आणि दगडफूलहि खरडून निघतें. म्हणजे हजारों वर्षांची सार्वजनिक वस्तु एका हंगामाच्या विक्रीसाठीं खर्चीं पडते. हा व्यवहार रुचीचा नसून न्यायाचा आहे.

येथपर्यंत आमचा पक्ष सोपा होता. आतां जो आक्षेप येतो तो मात्र सोपा नाहीं, आणि फलकांविरुद्ध लिहिणारे बहुतेक शहरवासी लेखक त्याला बगल देतात. तो आक्षेप कोरडवाहू शेतकऱ्याचा आहे. मोटारींत बसून जाणाऱ्याला हिरवागार देखावा हवा, आणि तोहि फुकट हवा. तो देखावा कांहीं आकाशांतून पडलेला नाहीं. कोणी तरी नांगरला आहे, पेरला आहे, खुरपला आहे. पाऊस फिरला तर देखावा करपतो आणि शेतकऱ्याचें वर्ष बुडतें, पण प्रवाशाची फक्त थोडी निराशा होते. अशा शेतकऱ्याला बांधावरचा एक फलक पाऊस असो वा नसो भाडें देतो. त्याला जर आपण म्हणालों, कीं 'बाबा, आमच्या डोळ्यांच्या सुखासाठीं एवढें उत्पन्न सोड,' तर त्यानें आपल्याला तोंडावर हंसावें, हेंच योग्य होईल. ज्याच्या घामावर देखावा उभा आहे त्याच्याकडूनच देखाव्याची किंमत वसूल करणें, हा कोणत्या नीतीचा न्याय?

या आक्षेपांतला सत्यांश नाकारतां येत नाहीं. परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष तपासला पाहिजे. फलकाचें भाडें मिळतें तें घाम गाळणाऱ्याला नव्हे, तर रस्त्याला लागून जमीन असणाऱ्याला. रस्त्यापासून दोन शेतें आंत असलेल्याला कांहींच मिळत नाहीं, आणि ज्याला जमीनच नाहीं त्या शेतमजुराचा तर प्रश्नच नाहीं, जरी देखावा निर्माण करण्यांत त्याचा वाटा सर्वांत मोठा असला तरी. शिवाय एकानें खांब रोवला कीं शेजारी रोवतो, आणि दोघांचे फलक एकमेकांना झांकूं लागले कीं दोघांचें भाडें उतरतें. मग अधिक उंच, अधिक मोठा फलक हवा होतो, आणि वाढत्या स्पर्धेचा लाभ शेवटीं कंत्राटदाराच्या पदरांत पडतो. अमेरिकेंतील कांहीं राज्यांत तर फलक नीट दिसावा म्हणून रस्त्याकडेचीं झाडें तोडण्याचे परवाने देण्यापर्यंत मजल गेली. सारांश, शेतकऱ्याच्या दारिद्र्याचें दुःख खरें आहे, पण फलक हें त्यावरचें औषध नव्हे. देखावा जपण्याबद्दल शेतकऱ्याला कांहीं द्यावयाचें असेल, तर तें समाजानें उघडपणें आणि सर्वांना द्यावें. एका बांधाला देऊन दहा बांधांच्या नांवावर खपवूं नये.

भरपाईच्या बाबतींत अमेरिकेचा अनुभव सावध करणारा आहे. तेथील १९६५ च्या कायद्यानें फलक काढावयाचा तर त्याची योग्य भरपाई दिली पाहिजे असें ठरविलें. वरवर हें न्यायाचें दिसतें. पण त्यासाठीं लागणारा पैसा पुढें आटला, आणि जे फलक जावयाचे होते त्यांतील असंख्य फलक जागच्या जागीं उभेच राहिले. ज्यानें खांबांत आणि पत्र्यांत पैसा घातला, त्याला वाजवी मुदत देऊन तो वसूल करूं देणें ठीक आहे. पण लोकांची नजर वापरण्याचें थांबविण्याबद्दल लोकांनींच पैसे मोजावे, हा उलटा न्याय आहे.

आतां वाणीस्वातंत्र्याचा प्रश्न. आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं व्यापारी जाहिरातहि भाषणस्वातंत्र्याच्या कक्षेंत येते असा निर्णय दिलेला आहे, तेव्हां हा प्रश्न झटकून टाकतां येत नाहीं. फलकांचें नियंत्रण करणारा अधिकारी कोणता मजकूर चालेल आणि कोणता नाहीं हें ठरवूं लागला, तर देखावा वांचेल पण त्याहून मोलाची वस्तु जाईल. अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांतल्या गिल्बर्ट गांवाचा खटला या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. तेथें वैचारिक मजकुराच्या पाटीला वीस चौरस फूट मोकळीक होती, राजकीय पाटीला कांहीं प्रसंगीं बत्तीस. पण स्वतःची इमारत नसलेल्या एका लहानशा चर्चला रविवारची उपासना कोठें आहे हें सांगण्यासाठीं सहा चौरस फुटांचीच पाटी, आणि तीहि उपासनेच्या आधीं बारा तास व नंतर एक तास एवढ्याच काळापुरती लावण्याची परवानगी होती. २०१५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें हा नियम रद्द केला. २०२२ सालीं त्याच न्यायालयानें बहुमतानें असेंहि म्हटलें, कीं फलक ज्या धंद्याविषयीं आहे त्याच जागेवर तो आहे कीं अन्यत्र आहे, एवढाच भेद करणारा नियम मजकुरावर घाला घालीत नाहीं. या दोन निकालांतून निघणारें सूत्र आम्हांला ग्राह्य वाटतें: कायद्यानें जागा पाहावी, आकार पाहावा, संख्या पाहावी, शब्द पाहूं नयेत. आमच्याकडे याच्या उलट घडतें. खानावळीची पाटी उचलली जाते आणि तिच्या शेजारचा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स महिना महिना हलत नाहीं. ज्या नियमाला माणूस पाहून डोळे मिटण्याची संवय आहे, तो लोकांना नियम न वाटतां जुलूम वाटतो, आणि मग चांगल्या नियमाचीहि पत जाते.

खानावळीच्या पाटीचें नांव निघालें म्हणून तो भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यांत आहे. 'पुढें अर्ध्या मैलावर जेवण मिळेल', 'पंक्चर येथें काढतात', 'अमुक देवस्थान डावीकडे' या पाट्या वाटसरूला हव्या असतात. त्या नसल्या तर तो अडतो. शंभर मैलांवर तयार होणाऱ्या सिमेंटाचा फलक वाटसरूला काय सांगतो? तो कोठें आहे हें नाहीं, पुढें काय आहे हें नाहीं. एक पाटी रस्त्याच्या कामीं येते, दुसरी रस्त्याला कामाला लावते. अमेरिकेंतील व्हर्माँट या डोंगराळ, शेतीप्रधान राज्यानें १९६८ सालीं हाच भेद कायद्यांत आणला. धंद्याच्या जागेवर धंद्याची पाटी असूं द्यावी. अन्यत्र उभारलेले जाहिरातफलक मात्र सर्व काढावे. आणि आडवाटेवरच्या दुकानदाराचें, खानावळवाल्याचें नुकसान होऊं नये म्हणून राज्यानें स्वतः एका आकाराच्या, एका रंगाच्या दिशादर्शक पाट्या फी घेऊन लावाव्या. मेन, हवाई आणि अलास्का या राज्यांतहि असे फलक वर्ज्य आहेत. व्हर्माँटच्या योजनेचा विशेष गुण असा, कीं तींत लहान माणूस मोठ्याच्या बरोबरीला येतो. साठ फुटांचा फलक उभारण्याची ऐपत एखाद्या कंपनीची असते, गांवच्या भाकरी-पिठल्याच्या झोंपडीची नसते. पण सारख्या आकाराच्या पाटीवर दोघांचीं नांवें सारखींच दिसतात. नियंत्रण म्हणजे गरिबाच्या धंद्यावर गदा, असें समजणाऱ्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

शेवटचा प्रश्न ठरविणाऱ्याचा. राजधानींतल्या कचेरींत बसून कोणत्या गांवचा देखावा कसा असावा हें ठरविणें, हा शहरी अहंकाराचाच एक प्रकार होईल. शिवेवर काय उभें राहावें, याविषयीं पहिला शब्द ग्रामसभेचा असला पाहिजे. परंतु तिचाच शब्द शेवटचा मात्र असतां नये. रस्ता एका गांवाचा नसतो. एका गांवानें पैशासाठीं आपली शीव विकली तर तोटा वाटेवरच्या सर्वांचा होतो, आणि शेजारच्या संयमी गांवाला तो संयम मूर्खपणाचा वाटूं लागतो. म्हणून उघड्या शेतांत धंद्याशीं संबंध नसलेला फलक नको, एवढी मर्यादा राज्यानें घालावी. तिच्या आंत आपल्या वेशीपाशीं कोणत्या पाट्या असाव्या हें गांवानें ठरवावें, आणि त्यांची फी ग्रामपंचायतीच्या तिजोरींत जावी. असें झालें तर बांधावरच्या एकाला मिळणारें भाडें गांवातल्या सर्वांच्या पाणवठ्याला, शाळेला लागेल, आणि देखावा जपण्यांत शेतमजुराचाहि हितसंबंध निर्माण होईल.

मालकीचा हक्क हा मोठा हक्क आहे, आणि तो पवित्र मानणाऱ्यांचा उपहास करण्याचें कारण नाहीं. पण प्रत्येक मालकीला एक शीव असते, आणि ती शीव ओळखणें हाच मालकाचा खरा मोठेपणा. शेतकऱ्याची मालकी त्याच्या मातीवर आहे, तिच्यांत उगवणाऱ्या पिकावर आहे, त्या पिकाच्या रास्त भावावरहि असावी. तिच्यावरून पलीकडे डोंगराकडे जाणारी नजर मात्र त्यानें अडवूं नये, आणि दुसऱ्या कोणाला अडवूं देण्याचा मक्ताहि विकूं नये. कारण त्याच रस्त्यानें बाजाराला, कचेरीला, लेकीच्या गांवाला जातांना तोहि वाटसरूच असतो.